हयातीचा दाखला

एक म्हातारा दारात उभा आहे. अंगाने वाळलेला, खांदे उतरलेले, दोन्ही हात बाजूला सरळ सोडलेले. शाळेत उशिरा पोचलेला मुलगा मास्तरांसमोर उभा राहतो, तसा. त्याच्या एका बाजूला जुन्या घाटाचे उंच उभे घड्याळ आहे. पण घड्याळाला काटे नाहीत आणि तबकडीवर आकडेही नाहीत. दुसऱ्या बाजूला पलंग आहे. पलंगावर पांढरट पलंगपोस आणि त्यावर लाल-काळ्या रंगांचे पट्टे. पाठीमागची खोली पिवळ्या उजेडाने भरून गेलेली आहे आणि तिच्या भिंतींवर चित्रेच चित्रे टांगलेली आहेत. म्हातारा त्या उजेडाकडे पाठ करून आपल्याकडे तोंड करून उभा आहे. तो हसत नाही, रडत नाही, काही मागतही नाही. नुसता उभा आहे.

हे चित्र एका चित्रकाराने स्वतःचेच काढलेले आहे. 'घड्याळ आणि पलंग यांच्यामध्ये' असे त्याचे नाव. १९४० ते १९४३ या काळात ते रंगवले गेले आणि तेव्हा चित्रकाराचे वय पंच्याहत्तरी ओलांडून ऐंशीकडे चालले होते. चित्रकाराचे नाव एडवर्ड मुंक. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण त्याला बरेचदा 'मंच' म्हणतो. त्याच्या नॉर्वे देशात त्याला मुंक म्हणतात.

नाव ओळखीचे वाटले नाही, तरी त्याचे एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. लाल-नारिंगी आकाश, लांबलचक कठडा, आणि पुढे कवटीसारख्या चेहऱ्याची एक आकृती. दोन्ही हात कानांवर, तोंडाचा आ. ही मुंकची 'किंकाळी'. १८९३ साली त्याने ती प्रथम रंगवली. पुढे ती टी-शर्टवर गेली, कॉफीच्या मगावर गेली, व्यंगचित्रकारांच्या हाती लागली, आणि आता नातवंडांच्या मोबाइलमधल्या चिमुकल्या घाबरलेल्या चेहऱ्यातही तिचीच छाया दिसते. २०१२ साली तिची एक आवृत्ती लिलावात जवळजवळ बारा कोटी डॉलरना विकली गेली. गंमत अशी, की ती आकृती स्वतः किंचाळते आहे असे आपण समजतो. पण मुंकने लिहून ठेवलेल्या आठवणीवरून दिसते ते असे, की एका संध्याकाळी फिरताना सगळ्या सृष्टीतून एक किंकाळी निघाल्याचे त्याला जाणवले होते. चित्रातला माणूस ती ऐकू येऊ नये म्हणून कान झाकतो आहे.

तिशीच्या उंबरठ्यावर कान झाकून घेणारा हा माणूस ऐंशीच्या उंबरठ्यावर हात खाली सोडून शांत उभा राहतो. मधल्या पन्नास वर्षांत काय झाले? साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'किंकाळी'पेक्षा या प्रश्नाचेच कुतूहल अधिक वाटते. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सोयही मुंकने करून ठेवली आहे. कारण विशीच्या आत असल्यापासून मरेपर्यंत तो स्वतःची चित्रे काढत राहिला. नुसती रंगवलेली आत्मचित्रेच सत्तरच्या आसपास भरतात. छापचित्रे आणि रेखाटने वेगळीच.

मुंकचा जन्म १२ डिसेंबर १८६३चा, लोटन नावाच्या खेड्यातला. वर्षभरातच कुटुंब राजधानीत राहायला आले. तिचे नाव तेव्हा क्रिस्टियानिया होते. १९२५ पासून ती ओस्लो झाली. वडील लष्करात डॉक्टर. मिळकत बेताची आणि स्वभाव कमालीचा धार्मिक. पाच भावंडे, त्यात एडवर्ड दुसरा. तो नुकताच पाच वर्षांचा झाला होता, तेव्हा ऐन नाताळाच्या दिवसांत आई क्षयाने गेली. आपण जाणार हे ओळखून तिने मुलांसाठी एक पत्र लिहून ठेवले होते. चांगले वागा, म्हणजे स्वर्गात आपली पुन्हा भेट होईल, असा त्याचा आशय. ते पत्र पुढे घरात वाचले जाई. पाच-सात वर्षांच्या मुलाला त्यातून धीर मिळाला असेल की धाक बसला असेल, हे ज्याने त्याने आपल्या लहानपणाकडे पाहून ठरवावे.

आईच्या माघारी तिची बहीण कारेन घरात आली आणि तिने पाचही मुलांना वाढवले. मावशीने स्वतः लग्न केले नाही. शेवाळ, काड्या, वाळलेली पाने चिकटवून ती लहान लहान देखावे तयार करी. मुलांच्या हातात पेन्सिल दिली ती तिनेच. मराठी घरात 'माय मरो, मावशी उरो' ही म्हण ज्या अर्थाने वापरतात, त्या अर्थाचे हे घर होते. वडिलांना मात्र पत्नीचा मृत्यू सोसला नाही. त्यांची देवभक्ती हळूहळू देवभयात बदलली. मुलांच्या साध्या चुकांवरही पाप आणि नरक यांची सावली पडू लागली.

एडवर्ड स्वतः सारखा आजारी. तेराव्या वर्षी त्याच्याही तोंडातून रक्त पडले. तो वाचला, पण त्याच आजाराने १८७७ साली थोरली बहीण सोफी गेली. ती पंधरा वर्षांची होती. अखेरच्या वेळी ती ज्या खुर्चीत बसली होती ती खुर्ची मुंकने जन्मभर जपून ठेवली. धाकटी बहीण लॉरा पुढे मनाच्या आजाराने घेरली गेली. भाऊ आंद्रेयास लग्नानंतर काही महिन्यांतच न्यूमोनियाने गेला. त्या काळी क्षय युरोपात घरोघरी होता आणि त्यावर औषध नव्हते. तेव्हा अशी घरे पुष्कळ असतील. पण त्यांतल्या एका घरातला मुलगा पाहत होता आणि पाहिलेले विसरत नव्हता.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो इंजिनियर व्हायला तंत्रशाळेत गेला. दुखण्यांमुळे वर्ग बुडत राहिले. १८८० साली त्याने ते शिक्षण सोडले आणि चित्रकार व्हायचे ठरवले. वडिलांच्या लेखी ही अधोगतीच होती. तरी विशीच्या आत काढलेले त्याचे पहिले महत्त्वाचे आत्मचित्र पाहिले तर त्यात बंडखोर पोरगा दिसत नाही. नीट भांग पाडलेला, हनुवटी किंचित वर उचललेला, जगाला जरा दुरून न्याहाळणारा तरुण दिसतो. चित्र शिकस्तीने, शिस्तीत काढलेले आहे. अजून त्याला आपले दुःख हाताळायची रीत सापडायची होती.

ती सापडली १८८५-८६ मध्ये, 'आजारी मुलगी' या चित्रात. उशीला टेकून बसलेली, लाल केसांची, फिकुटलेली मुलगी आणि तिच्या शेजारी मान खाली घातलेली बाई. त्या बाईसाठी मावशीच समोर बसली होती. विषय नवा नव्हता. आजारी माणसांची चित्रे तेव्हा खूप काढली जात. मुंकने ते वर्षभर रंगवले, खरवडले, पुन्हा रंगवले, पुन्हा खरवडले. सुबक शेवट केलाच नाही. पृष्ठभागावर ओरखडे तसेच राहिले. १८८६च्या प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर उभे राहून हसले, टीकाकारांनी अर्धवट काम म्हणून झोडपले. मुंकने पुढच्या चाळीस वर्षांत हे चित्र पुन्हा पुन्हा, एकूण सहा वेळा रंगवले. माणसे एखादी आठवण पुन्हा पुन्हा सांगतात, तेव्हा ऐकणारे कंटाळतात. पण सांगणाऱ्याला दर वेळी तीत काहीतरी वेगळे दिसत असते, म्हणूनच तो सांगत असतो.

१८८९ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळून तो पॅरिसला गेला. पोचून काही आठवडे झाले नाहीत तोच वडील गेल्याची बातमी आली. अंत्यदर्शनही झाले नाही. बापलेकांत बरेच बोलायचे राहून गेले होते, ते कायमचे राहिले.

१८९२ साली बर्लिनच्या चित्रकार संघाने त्याला प्रदर्शनासाठी बोलावले आणि चित्रे पाहून इतका गदारोळ उठला, की संघाने मतदान घेऊन आठवड्याच्या आत ते बंद केले. दुसरा एखादा खचला असता. मुंकने मावशीला कळवले ते असे, की इतकी मजा आपल्याला कधी आली नव्हती. बदनामीची जाहिरात झाली आणि तो बर्लिनलाच राहिला. तिथल्या एका दारूगुत्त्यात लेखक-कवींचा अड्डा जमे. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग त्यांत होता. रात्रभर दारू, वाद, प्रेमप्रकरणे. आणि त्याच वर्षांत 'किंकाळी', 'मॅडोना', 'मत्सर', 'व्हॅम्पायर' अशी एकामागून एक चित्रे. या सगळ्यांची मिळून त्याने एक मालिका कल्पिली. प्रेम, भीती आणि मृत्यू यांचा जणू एक सलग चित्रपट्ट.

याच काळातले, १८९५चे आत्मचित्र पाहण्यासारखे आहे. गडद निळ्या अंधारातून चेहरा आणि हात तेवढे उजळून निघाले आहेत. बोटांत पेटती सिगारेट, धूर वर चाललेला. डोळे रोखलेले, पण त्यांत आव्हान आहे की भय, ते सांगता येत नाही. हे चित्र क्रिस्टियानियात मांडले गेले, तेव्हा विद्यार्थी संघात त्यावर वादसभा झाली. एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने तिथे चित्रांचाच दाखला देऊन मुंकच्या मानसिक संतुलनाविषयी शंका घेतली. मुंक सभेत हजर होता असे सांगतात. बहीण मनोरुग्ण, घराण्यात आजार, आणि आता चारचौघांत हा शेरा. तो घाव त्याला जन्मभर पुरला. 'किंकाळी'च्या पहिल्या रंगीत आवृत्तीवर, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिलेली आहे. हे चित्र वेड्याशिवाय कुणी काढणार नाही, असा तिचा मतलब. कुणा चिडलेल्या प्रेक्षकाने ती खरडली असावी असे बरीच वर्षे मानले जाई. २०२१ साली नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तपासणी करून सांगितले, की ते हस्ताक्षर खुद्द मुंकचेच आहे. लोकांचा शेरा त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या चित्रावर नोंदवून ठेवला होता.

लग्न त्याने केले नाही. क्षय आणि वेड या दोन गोष्टी आपण पुढच्या पिढीला देऊ, या भयाने तो संसारापासून दूर राहिला. पण संसार नको म्हणणे वेगळे आणि कुणाला तरी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे वेगळे. तुला लार्सन ही श्रीमंत दारूव्यापाऱ्याची मुलगी त्याच्यात गुंतली. तिला लग्न हवे होते आणि हा कधी जवळ येई, कधी पळून जाई. १९०२ साली समुद्रकाठच्या त्याच्या घरी दोघांचे भांडण झाले. त्यात पिस्तूल उडाले आणि मुंकच्या डाव्या हाताचे मधले बोट कायमचे जायबंदी झाले. गोळी कुणाच्या हातून सुटली याबद्दल आजही एकमत नाही. मुंकने सारा दोष तिच्या माथी मारला आणि पुढे अनेक चित्रांत तिला सूडबुद्धीने रंगवले. दोघांचे एकत्र चित्र होते, ते त्याने करवतीने मधोमध कापले. मोठ्या कलावंतांच्या चरित्रात अशी पाने असतात. ती उलटून पुढे जाण्याचा मोह होतो. पण स्वतःकडे इतक्या निर्दयपणे पाहणारा माणूस दुसऱ्याकडे न्यायाने पाहीलच असे नाही, हे या पानावरून समजते.

यानंतरची आत्मचित्रे उतरणीची आहेत. १९०३च्या एका चित्रात तो आगीच्या लोळांपुढे उघड्या अंगाने उभा आहे. नावच 'नरकातले आत्मचित्र'. १९०६च्या चित्रात तो एका रिकाम्या उपाहारगृहात दारूच्या बाटलीसमोर बसला आहे. हात मांडीत निर्जीव पडलेले, मागे टेबलांच्या रांगा निघून चाललेल्या. दारू वाढली, मारामाऱ्या वाढल्या, कुणीतरी पाठलाग करते आहे असे आवाज ऐकू येऊ लागले. १९०८च्या शरदात कोपनहेगनमध्ये तो कोसळला आणि स्वतःहून डॉक्टर याकोबसन यांच्या रुग्णालयात दाखल झाला.

तिथे तो आठ महिने होता. विश्रांती, चांगले अन्न, सौम्य विजेचे उपचार आणि दारू बंद. तिथेही तो कामाला लागलाच. त्याने डॉक्टरांचे पूर्णाकृती चित्र काढले. कमरेवर हात ठेवलेले, पाय फाकून उभे असलेले, जणू इस्पितळाचे राजेच. आणि १९०९मध्ये स्वतःचे काढले. खिडकीजवळ खुर्चीत बसलेला, पंचेचाळिशीचा, सरळ ताठ माणूस. रंग जाड, मोकळे, दिवसाउजेडाचे. जगून निघालेल्या माणसाचा तो चेहरा आहे.

तो नॉर्वेला परतला तो बराचसा सुधारून. एका समुद्रकाठच्या गावी राहून त्याने विद्यापीठाच्या सभागृहासाठी भव्य चित्रे रंगवली. त्यांतले मधले चित्र आहे समुद्रावर उगवणारा सूर्य, आणि त्याचे किरण अख्ख्या भिंतीभर पसरलेले. १९१६मध्ये ती बसवली गेली. १९४७ पासून १९८९ पर्यंत नोबेल शांतता पारितोषिकाचा समारंभ याच सभागृहात होत असे. १९७९ साली मदर तेरेसांनी ते पारितोषिक स्वीकारले, तेही इथेच. 'किंकाळी'च्या आकाशाला आग लावणारा हात तोच, आणि हा सूर्य उगवणारा हातही तोच.

आता थोडे माझ्या नोकरीबद्दल. बँकेत असताना दर वर्षी नोव्हेंबर महिना आला, की शाखेत निवृत्तिवेतनधारकांची रांग लागे. हयातीचा दाखला द्यायचा असे. आपण जिवंत आहोत हे दाखवायला माणसाने स्वतः यायचे, अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे, सही किंवा अंगठा करायचा. आता हे काम मोबाइलवर, डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या खुणेवरून होते. तेव्हा माणसे काठी टेकत येत. मी मान वर करून चेहरा पाही आणि फॉर्मवर सही करी. काही जण या प्रकाराने दुखावत, काही जण त्याची थट्टा करत. पण टेबलासमोर आल्यावर जवळजवळ प्रत्येक जण नकळत सरळ उभा राही. बाहेर बाकावर वाकून बसलेला माणूस त्या अर्ध्या मिनिटासाठी खांदे मागे घेई. गेल्या नोव्हेंबरनंतर कुणाची बायको गेलेली असे, कुणाची दृष्टी. ते फॉर्ममध्ये लिहायला जागा नसे. चेहऱ्यावर मात्र ते लिहिलेले असे.

मुंकची आत्मचित्रे पाहताना मला हे दाखले आठवतात. फरक इतकाच, की टेबलाच्या दोन्ही बाजूंना तोच होता. दाखला मागणाराही तो आणि देणाराही तो. त्यामुळे त्याला स्वतःची थोडीही सवलत मिळाली नाही. १९०२च्या सुमारास त्याने एक कोडॅक कॅमेरा घेतला आणि हात लांब करून स्वतःचे फोटो काढू लागला. आज घरोघरी असे फोटो निघतात. ते आपण आपला आनंद इतरांना दिसावा म्हणून काढतो. मुंकचे फोटो पाहिले तर तो आपण अजून जागेवर आहोत की नाही याची खात्री करून घेतो आहे, असे वाटते.

१९१६ साली त्याने शहराबाहेर एकेली नावाची मोठी जागा विकत घेतली आणि शेवटची अठ्ठावीस वर्षे तिथे काढली. नाव झाले होते, पैसा आला होता. पण राहणी जवळजवळ सोबतीविना. बागेत उघड्यावर त्याने चित्रशाळा उभ्या केल्या. चित्रे पावसापाण्यात, बर्फात तशीच ठेवायची, त्यातून टिकतील ती खरी, असा त्याचा अजब खाक्या. चित्रे विकायला तो नाखूश असे. ती आपली मुले आहेत असे म्हणे, आणि एखादे विकावे लागलेच तर त्याची दुसरी आवृत्ती रंगवून घरात ठेवी.

१९१९मध्ये, स्पॅनिश फ्लूने जगभर कोट्यवधी माणसे मारली त्या साथीच्या दिवसांत, त्याने आणखी एक दाखला दिला. अंगावर झगा, गुडघ्यांवर पांघरूण, वेताच्या खुर्चीत बसलेला, चेहरा पिवळट आणि तोंड किंचित उघडे. कोविडची साथ पाहिलेल्या आपल्या पिढीला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही. ज्याला सोफीची खुर्ची ठाऊक आहे त्याला आणखी एक गोष्ट दिसते: बेचाळीस वर्षांनी भाऊ आजारी माणसाच्या खुर्चीत येऊन बसला आहे.

१९३० साली त्याच्या उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. चित्रकाराचा डोळा जाणे म्हणजे काय! मुंकने काय करावे? त्या बिघडलेल्या डोळ्यासमोर जे डाग, जी वर्तुळे तरंगत होती, त्यांचीच तो रोजच्या रोज चित्रे काढू लागला. दिसत नाही हेही त्याने पाहून घेतले.

१९३७ पासून जर्मनीत नाझी सरकारने आधुनिक चित्रकलेला 'अधःपतित' ठरवून संग्रहालयांतली चित्रे जप्त केली. त्यात मुंकची ब्याऐंशी होती. 'आजारी मुलगी'ची ड्रेस्डेनमधली आवृत्तीही गेली. एका नॉर्वेजियन जहाजमालकाने ती विकत घेऊन १९३९ साली लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली, म्हणून ती आज तिथे आहे. नंतर ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेतच उतरल्या. मुंक शहात्तर वर्षांचा होता. घर केव्हाही ताब्यात घेतले जाईल आणि आत आयुष्यभराची चित्रे पडलेली. १८ एप्रिलला, म्हणजे आक्रमणानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, त्याने मृत्युपत्र केले आणि आपल्या घरातली सगळी चित्रे ओस्लो नगरपालिकेला देऊन टाकली. मृत्युपत्र करायचे टाळणारी किती माणसे मी बँकेत पाहिली आहेत! उद्या बघू, अजून काय घाई आहे, म्हणत म्हणत ती जातात आणि मागे भावंडे कज्जे लढतात. या माणसाने शत्रू दाराशी आल्यावर नऊ दिवसांत निकाल लावला. पुढे नव्या राजवटीने त्याला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला. त्याने तिच्याशी कसलाही संबंध ठेवायला नकार दिला. बागेत बटाटे आणि भाजी लावून तो रंगवत राहिला.

या शेवटच्या वर्षांत आत्मचित्रांचा जणू सपाटाच सुरू झाला. एकात तो खिडकीशी उभा आहे. चेहरा लालबुंद आणि बाहेर पांढरे बर्फ. एकात तो मध्यरात्रीनंतर खुर्चीतून दचकून उठतो आहे. एकात त्याच्यासमोर ताटात कॉड माशाचे डोके आहे आणि हा सुरी घेऊन बसला आहे. आता कोण कुणाला खाणार, असा विनोद त्यात आहे. आणि मग ते घड्याळ आणि पलंगामधले चित्र.

त्या चित्राकडे आता पुन्हा पाहू. घड्याळ म्हणजे काळ आणि पलंग म्हणजे जन्म, आजार, प्रेम आणि मरण, एवढे कुणालाही कळते. मुंकच्या घरात तर पलंग म्हणजे आई, सोफी, सगळेच. पण खरी गोष्ट आहे ती पाठीमागची खोली. साऱ्या चित्रातला उजेड तिथे आहे. साठ वर्षांचे काम तिथे टांगलेले आहे. हा माणूस चित्रकार आहे. पण हातात ब्रश नाही, पॅलेट नाही. ते काम आता मागे राहिले. तो उजेडातून बाहेर आला आहे आणि दाखवायला हातात काहीही न घेता उभा आहे. कानांवरचे हात इथे खाली आले आहेत. भय गेले असे मला वाटत नाही. तोंडाभोवतीच्या रेषा पाहिल्या तर ते तिथेच आहे. त्याच्याकडे पाहत उभे राहायची सवय मात्र झाली आहे, आणि ही सवय एका दिवसात लागलेली नाही. दर चार-दोन वर्षांनी आरशासमोर उभे राहून, जसे आहे तसे मान्य करत करत, ती लागली आहे.

१२ डिसेंबर १९४३ला मुंक ऐंशी वर्षांचा झाला. एका आठवड्याने, १९ डिसेंबरला, ओस्लोच्या बंदरात दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि एकेलीच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कडाक्याच्या थंडीत तो गारठला, छाती भरली आणि २३ जानेवारी १९४४ रोजी त्याच घरी तो वारला. ज्यांना त्याने दारात उभे केले नाही, त्या नाझींनी त्याच्या अंत्ययात्रेवर मात्र आपली निशाणे फडकवली. नकार द्यायला तो आता नव्हता.

घराची दारे उघडली तेव्हा आत हजारावर रंगचित्रे, साडेचार हजारांच्या आसपास रेखाटने आणि पंधरा हजारांवर छापचित्रे निघाली. त्यांच्यासाठी १९६३ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, संग्रहालय उभे राहिले आणि २०२१ साली ते बंदरालगतच्या उंच नव्या इमारतीत गेले. २००१ साली नॉर्वेने आपल्या हजार क्रोनरच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला आणि मागच्या बाजूला त्याच्या सूर्याची आठवण. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच; पण नोटांना आयुष्य असते. २०१९ साली नवी नोट आली आणि ती चलनातून गेली.

एकेलीचे राहते घरही राहिले नाही. १९६० साली ते पाडले. म्हणजे ती पिवळ्या उजेडाची खोली आता फक्त चित्रातच आहे. पट्ट्यापट्ट्यांचा तो पलंगपोस मात्र संग्रहालयात जपून ठेवला आहे. त्यावरच्या रेघांशी मिळतीजुळती नक्षी जॅस्पर जॉन्स हा अमेरिकन चित्रकार आपल्या चित्रांत रंगवत होता. हे साम्य ध्यानात आल्यावर त्याने १९८१च्या सुमारास याच नावाची मोठी चित्रे केली. कुणाच्या पलंगावरचे पांघरूण कुणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आपण चित्रकार नाही. आपल्या पाठीमागच्या खोलीत हजार चित्रे टांगलेली नाहीत. काही माणसे, थोडे काम, बरीच राहून गेलेली बोलणी, एवढाच ऐवज. पण दाढी करताना किंवा वेणी घालताना आरसा रोज समोर असतो आणि आपण त्यात दाढी पाहतो, वेणी पाहतो, चेहरा पाहायचे टाळतो. मुंकने ते टाळले नाही. चित्रातल्या पलंगाकडे जायला त्याला फार तर दोन पावले टाकायची आहेत. घड्याळाकडे बघून उपयोग नाही, हे त्याला माहीत आहे. म्हातारा अजून दारातच उभा आहे.